कुणाच्या वाट्याला कुठला मंत्र

साताऱ्यात आता ध्यानवर्गांना तोटा नाही. शाहूपुरीत आहेत, गोडोलीत आहेत, सदरबझारला तर एकाच रस्त्यावर दोन. हायस्कुलात बरीच वर्षं संस्कृत शिकवल्यामुळे ‘मॅडम, उच्चार तेवढे एकदा बघून द्या’ अशी बोलावणी मला येतात, आणि मी जाते, कारण ‘ध्यायतो’ला ‘धायतो’ म्हटलेलं माझ्याच्यानं ऐकवत नाही. या वर्गांत दोन प्रकारची वचनं हमखास भेटतात. एक, शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या दशश्लोकीतलं: ‘न वर्णा न वर्णाश्रमाचारधर्मा न मे धारणाध्यानयोगादयोऽपि’. मला वर्ण नाहीत, वर्णाश्रमाचे आचार नाहीत, फार काय, धारणा-ध्यान-योगही नाहीत. दुसरं गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं: ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः परधर्मात्स्वनुष्ठितात्’. दुसऱ्याचं काम कितीही छान साधलं तरी त्यापेक्षा आपलं उणंदुणं काम बरं.

पहिलं वचन अंगावरची भूमिका उतरवून ठेवायला सांगतं, दुसरं तिला घट्ट धरून राहायला. दोन्ही एकाच परंपरेतली आणि दोन्हींवर तासभर रंगून बोलता येतं. वचनांशी माझं भांडण नाही, त्यांच्या वाटपाशी आहे. पहिलं वचन आपण स्वतःसाठी राखून ठेवलंय. बंगल्यात राहणारी, निवृत्तिवेतन वेळेवर जमा होणारी माणसं सकाळी डोळे मिटून ‘मी कुणीच नाही’ म्हणतात. दुसरं वचन आपण खाली पाठवून देतो: कारखान्यातल्या कामगाराला, पालिकेच्या झाडूवाल्याला, घरात आलेल्या सुनेला, शाळेतल्या पोरांना. खरं तर हे अगदी उलट हवं. ज्याच्या हातात पद आहे, सही आहे, दुसऱ्याचा पगार आहे, त्यानं रोज सकाळी स्वधर्म घोकावा. आणि ज्याच्या अंगावर जन्मापासून एखादं काम चिकटवलंय, त्याला ‘तू म्हणजे तुझं काम नव्हेस’ हे ऐकायला मिळावं.

पहिल्या प्रकारातलं मला सगळ्यात आवडतं ते हस्तामलक स्तोत्र. त्यामागची गोष्ट अशी सांगतात. प्रभाकर नावाच्या ब्राह्मणाचा एक मुलगा होता. बोलत नसे, खेळत नसे, पाटीला हात लावत नसे. लोक त्याला खुळा म्हणत. बापानं त्याला आचार्यांपुढे आणून उभं केलं. आचार्यांनी विचारलं, ‘कस्त्वं शिशो कस्य कुतोऽसि गन्ता’. बाळ, तू कोण, कुणाचा, कुठून कुठे निघालास? आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही हेच विचारतो. ‘कुणाचा रं तू? गाव कुठलं? आडनाव काय?’ त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गोष्टीतल्या मुलानं मात्र उत्तर दिलं: ‘नाहं मनुष्यो न च देवयक्षौ न ब्राह्मणक्षत्रियवैश्यशूद्राः। न ब्रह्मचारी न गृही वनस्थो भिक्षुर्न चाहं निजबोधरूपः॥’ मी माणूस नाही, देव नाही, यक्ष नाही. चारातला कुठलाच वर्ण नाही, चारातला कुठलाच आश्रम नाही. मी नुसतं जाणणं आहे. आचार्य खूश झाले, त्यांनी पोराला शिष्य करून घेतलं.

डोळे मिटून हा श्लोक मनात फिरवला की काहीतरी सुटतं हे खरं आहे. मी फिरवते. बाई, आई, सासू, पेन्शनर अशा ज्या चार-पाच जणी माझ्या नावानं दिवसभर वावरत असतात त्या एकेक करून उठून जातात आणि जरा मोकळं वाटतं. याची टिंगल करणाऱ्यांतली मी नाही.

पण एका वर्गात काय पाहिलं ते सांगते. मंगल कार्यालयाचा हॉल होता. ध्यान सुरू व्हायच्या आत केर-फरशी व्हायला हवी होती, पण आदल्या रात्रीचं लग्न उशिरापर्यंत चाललं होतं. निम्मा हॉल पुसून झाला होता, निम्म्यात अक्षता, तुटलेल्या वेण्या आणि पाण्याच्या बाटल्या. संयोजक म्हणाले, ‘मावशी, राहू दे आता, आमचं होऊ दे.’ मावशी पोतेरं आणि बादली घेऊन दाराशी थांबल्या. आत पन्नासेक जण एका सुरात ‘न वर्णा न वर्णाश्रमाचारधर्मा’ म्हणत होते. पाऊण तास. वर्ग संपल्यावर सगळे ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत बाहेर पडले आणि मावशी उरलेल्या अर्ध्या हॉलकडे वळल्या. पुढच्या दोन घरची कामं त्यांना उशिरा गाठावी लागली आणि तिथली बोलणीही खावी लागली. आतल्या कुणीही काही वाईट केलं नव्हतं. संयोजक तर ‘मावशी’ म्हणाले, अहो-जाहो केलं नसलं तरी आवाज चढवला नाही. पण ‘मला भूमिका नाही’ हे पाऊण तास म्हणता यावं म्हणून कुणाला तरी आपली भूमिका हातात धरून पाऊण तास दाराशी उभं राहावं लागलं, आणि ‘मावशी, तुम्हीही बसा की’ असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आता दुसऱ्या एका मुलाची गोष्ट. ती पुराणातली नाही, याच जिल्ह्यातली आहे आणि १९०१ सालची आहे. मुलगा नऊ-दहा वर्षांचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचं नाव साताऱ्यातल्या सरकारी शाळेत घातलेलं होतं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामातल्या एका तलावावर खजिनदार होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना बोलावून घेतलं होतं. साताऱ्याहून निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. न्यायला कुणी आलेलं नाही, कारण आगाऊ पाठवलेलं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी जवळ येऊन चौकशी केली: तुम्ही कोण, कुणाचे, कुठे निघालात? कपड्यांवरून त्यांना ही ब्राह्मणाची मुलं वाटली होती. भीमरावानं काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा उतरला आणि ते पाच पावलं मागे सरले. बैलगाडीवाले दुप्पट भाडं देऊनही तयार होईनात. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून पायी चालणार, असं ठरल्यावर एक जण राजी झाला. बरोबर जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

‘कस्त्वं शिशो कस्य कुतोऽसि गन्ता.’ आचार्यांनी विचारलं तेच स्टेशनमास्तरांनी विचारलं. एका मुलानं ‘मी ब्राह्मण नाही’ म्हटलं आणि तो आचार्यांचा शिष्य झाला. दुसऱ्यानं आपण कोण ते खरं सांगितलं आणि त्याला घोटभर पाणी मिळालं नाही. पहिल्याला ‘नाही’ म्हणणं परवडलं, कारण त्याचा बाप तिथेच शेजारी उभा होता आणि पोरगं कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मसूरच्या फलाटावर त्या मुलानं ‘निजबोधरूप’ असं उत्तर दिलं असतं तरी मास्तरांनी पुढे आडनाव विचारलंच असतं. भूमिका उतरवून ठेवायची तर ती आधी आपल्या मर्जीनं अंगावर चढवलेली असावी लागते.

इथे कुणी म्हणेल की हा समाजाचा दोष, तत्त्वज्ञानाचा नाही. मला इतकं सोपं वाटत नाही. ज्यांच्या नावावर दशश्लोकी आहे, त्याच आचार्यांचं ब्रह्मसूत्रांवर भाष्य आहे आणि त्यात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, म्हणून वेदांतून मिळणाऱ्या ब्रह्मविद्येचाही नाही, असा निवाडा तिथे आहे. दुसरीकडे काशीच्या गल्लीत चांडाळ समोर आला तेव्हा आचार्यांनी त्याला गुरू म्हटलं, अशी मनीषापंचकाची कथाही आपणच सांगतो. या दोहोंची सांधेजोड परंपरेनं एका वाक्यात केली: परमार्थात सगळे एक, व्यवहारात ज्याचं त्यानं पाहावं. हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यामुळे सकाळी सहा ते पावणेसात अद्वैती राहता येतं आणि सातला बाईच्या चहाचा कप वेगळा काढता येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

दुसऱ्या वचनाकडे वळू. स्वधर्माचा श्लोक मी वर्गात शिकवला तेव्हा मुलांना नेहमी एकच विचारायची, हे कोण कुणाला सांगतंय ते आधी बघा. ऐकणारा अर्जुन. राजपुत्र, हातात गांडीव, मागे अख्खं सैन्य. तो म्हणतोय मी हे टाकून भीक मागून जगेन. म्हणजे सत्ता आणि शस्त्र हाती असलेल्या माणसाला जबाबदारीतून निसटू न देण्यासाठी हे सांगितलं गेलं. गीतेत हा श्लोक कुणा झाडूवाल्याला सांगितलेला नाही. आणि सांगणारा? यादव कुळातला, द्वारकेचा धनी, त्या क्षणी घोड्यांचे लगाम धरून बसलाय. सूताचं काम करतोय. समोरच्या सैन्यात द्रोण उभे आहेत, कृप आहेत, अश्वत्थामा आहे. तिघेही ब्राह्मण, तिघांच्याही हातात शस्त्र. परधर्म भयावह म्हणावा तर त्या रणांगणावर निम्मे मोठे लोक परधर्मातच होते आणि त्यावरून त्यांची वाट कुणी अडवली नव्हती. ‘तू सूतपुत्र, तुझं इथे काय काम’ हे फक्त कर्णाला ऐकावं लागलं. महाभारतकारानं हे मुद्दाम असं मांडलं की आपोआप झालं, मला माहीत नाही, पण श्लोक तिथून उचलून कॅलेंडरवर छापताना हे सगळं मागे राहतं.

अठराव्या अध्यायात मात्र गोष्ट अडचणीची होते आणि ती अडचण लपवण्यात अर्थ नाही. ‘परिचर्यात्मकं कर्म शूद्रस्यापि स्वभावजम्’. सेवा हे शूद्राचं स्वभावजात काम. पाठोपाठ ‘स्वे स्वे कर्मण्यभिरतः संसिद्धिं लभते नरः’, आणि त्याहून कडक, ‘सहजं कर्म कौन्तेय सदोषमपि न त्यजेत्’. जन्मासोबत आलेलं काम सदोष असलं तरी सोडू नये. वर्गावर्गांतून हे श्लोक जरा घाईनं म्हटले जातात असा माझा अनुभव आहे. विचारलं की उत्तर तयार असतं: गुणकर्मविभागशः! वर्ण गुणावर आहे, जन्मावर नाही. उत्तम. मग गुणांची परीक्षा कुठे होत होती? कोणत्या गावात, कोणत्या पारावर? मसूरच्या फलाटावर तर झाली नाही. तिथे गुण म्हणाल तर पुढे देशाची घटना लिहिण्यात अग्रभागी असलेला मुलगा उभा होता.

गुण-कर्माचा खरा हिशेब मांडायचा तर आपल्या भागात पुरावे भरपूर आहेत, पण ते सगळे स्वधर्म सोडणाऱ्यांचे आहेत. मिरजेची सतार आणि तंबोरा जगभर जातात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ती वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. लढाया थांबल्या, धंदा बसला, आणि एकोणिसाव्या शतकात त्या हातांनी भोपळा कोरायला घेतला. सदोषमपि न त्यजेत् म्हणून ते बसून राहिले असते तर आज किराणा घराण्याच्या गवयामागे कुठला तंबोरा वाजला असता? कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. ब्राह्मण कुळातला, चित्रकला शिकवणारा माणूस शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर ओतू लागला. हाही सरळसरळ परधर्म.

कुठला मंत्र कुणाच्या कानी पडावा यावरून आपल्याकडे राजगाद्या हादरल्या आहेत. १८३०च्या सुमारास साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात वेदोक्ताचा, म्हणजे राजघराण्यातले विधी वेदातल्या मंत्रांनी करायचे की पुराणातल्या, हा वाद पेटला आणि विरोधी बाजूच्या अग्रभागी होते सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन. सातारा आणि सांगली ही आपली दोन गावं तेव्हा एकमेकांसमोर उभी होती आणि वाद कशावरून, तर कोणाच्या घरी कोणते मंत्र म्हणायचे यावरून. १८९९ साली कोल्हापुरात पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचं राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं आणि पुढची दोन दशकं महाराष्ट्राचं राजकारण ढवळून निघालं. आज तरुण पोरांना हा वाद पोरकट वाटतो. पण राजा असूनही कानावर काय पडायचं हे दुसराच ठरवणार, हा त्यातला अपमान पोरकट नव्हता. ज्ञानेश्वरांनी साडेपाच-सहाशे वर्षं आधी वेदाबद्दल म्हणून ठेवलं होतं: ‘वेदु संपन्नु होय ठाईं। परी कृपणु ऐसा आनु नाहीं। जे कानीं लागला तिहीं। वर्णांच्याचि॥’ श्रीमंत असून याच्याइतका चिक्कू दुसरा नाही, तीन वर्णांच्याच कानाला लागला. त्याच ज्ञानेश्वरीत स्वधर्माचं कौतुकही भरभरून आहे, ते नाकारून चालणार नाही. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी वाटपाचा प्रश्न मुळातच उडवून लावला, मंगलाष्टकं मराठीत लिहिली आणि भटजीविना लग्नं लावली. चाळीसच्या दशकात प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या भागात साधी, हुंड्याविना ‘गांधी-लग्नं’ लागली, त्यामागेही हीच शिकवण होती.

गांधीजींचा उल्लेख आला तर त्यांच्याबद्दलही सरळ बोलायला हवं. वडिलोपार्जित काम करून पोट भरावं, आणि झाडूवाल्याचं काम व ब्राह्मणाचं काम ईश्वरापुढे सारखंच पुण्याचं, असं ते १९३६ पर्यंत म्हणत होते. आंबेडकरांनी तेव्हाच विचारलं, वाणी कुळात जन्मलेले गांधी स्वतः तराजू सोडून बॅरिस्टर कसे झाले? या प्रश्नाला उत्तर नाही. पण गांधीजींच्या बाजूनं एक गोष्ट मला मोलाची वाटते: झाडूचं काम पुण्याचं म्हणताना त्यांनी संडास स्वतः साफ केले. आणि १९२७ साली ते साताऱ्यात आले ते भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव द्यायला. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, पाळीपाळीनं स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, एका पंगतीत जेवायची. भाकरी थापायची पाळी कुणाची हे जातीवर ठरत नव्हतं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वडाबद्दल भाषणं पुष्कळ होतात. मला या पाळीचं जास्त अप्रूप आहे. कर्तव्य आहे, पण ते फिरतं आहे.

आता सांगलीकडे या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर गणपती पेठेत, हरभट रोडवर, कापड पेठेत जो गाळ राहिला तो ज्यांनी पाहिला त्यांनाच माहीत. भिजलेलं धान्य, मेलेली जनावरं, फुगलेली दारं, आणि त्या सगळ्याला एक वास. तो गाळ फावड्यानं उपसणारी माणसं कोण होती? महापालिकेचे कायम कामगार होते, ठेक्यावरचे होते, बाहेरगावच्या पालिकांतूनही आले होते. नंतर सत्कार झाले. शाल, नारळ, ‘स्वच्छतादूत’. भाषणांत ‘स्वकर्म हीच पूजा’. मला त्या शालीचा राग नाही. पण आडनावं वाचून दाखवली गेली तेव्हा जी वीस-पंचवीस नावं आली ती ऐकून कुणालाही अठरावा अध्याय आठवावा.

यात एक गुंता आहे, आणि तो बाहेरून बोलणाऱ्यांना कळत नाही. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. बाप निवृत्त झाला की मुलगा किंवा मुलगी खराटा हातात घेते. २०२३ साली सरकारनं याबद्दल सुधारित निर्णय काढला, तो कोर्टात गेला, कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या. कशासाठी? हा वारसाहक्क टिकावा म्हणून. पुस्तकी पुरोगामी माणूस इथे गोंधळतो, म्हणतो बघा, यांनाच पिढीजात काम हवंय. अहो, हवी आहे ती कायम नोकरी. भविष्य निर्वाह निधी हवाय, रजा हवीय, दवाखान्याचं बिल हवंय. शेजारी ठेकेदाराकडे तेच काम रोजंदारीवर, हातमोज्याविना चालू आहे, ते त्यांना दिसतं. बी.ए. झालेली पोरगी हजेरी शेडमध्ये पहाटे मुकादमापुढे उभी राहते ती ‘स्वे स्वे कर्मण्यभिरतः’ म्हणून नाही. तिच्यासमोर कायमपणाचं जे एकमेव दार उघडं ठेवलं आहे त्याच्यावर झाडू टांगलेला आहे. या मुलीला स्वधर्माचं प्रवचन देणं म्हणजे दार आपणच बंद करायचं आणि वर तिच्या श्रद्धेचं कौतुक करायचं. वारसाहक्क काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्या हक्कानं तिला पालिकेतलं दुसरं कुठलंही काम, तिच्या शिक्षणाप्रमाणे, मागता यावं इतकंच.

गटारांचं तर कायद्यानंच ठरवून टाकलं आहे. माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत संरक्षणाविना उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि असा मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई द्यायला सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. श्लोक म्हणतो सदोषमपि न त्यजेत्. कायदा म्हणतो, सोडा. इथे मी डोळे मिटून कायद्याच्या बाजूची आहे.

स्वधर्म वरच्या माणसानं स्वतःला लावून घेतला तर काय होतं, याचंही उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांनी १९३८ साली जाहीर करून १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्यानं, कारभार प्रजेनं निवडलेल्या मंडळींच्या हाती देणारी घटना लागू केली. कुणी बंड केलं नव्हतं, इंग्रजांनी सांगितलं नव्हतं. राजाचा धर्म काय याचा विचार करत गेलं तर शेवटी राज्यच सोडून द्यावं लागतं, इथवर तो माणूस पोचला. ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ हे मी अशा ठिकाणी वाचायला तयार आहे. सिंहासनावर बसून म्हटलेला हा मंत्र सिंहासनावरच्या माणसाला महागात पडतो. पायरीखाली उभ्या असलेल्याला म्हणायला लावला की तो पायरीवरच्याला फुकटात पडतो.

मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनुस्मृतीतला एक श्लोक होता, गीता आणि मनाचे श्लोक पाठ करून घेण्याची सूचना होती. मग जे व्हायचं ते झालं, टीव्हीवर आरडाओरडा, पुतळे, पोथ्या जाळणं. मनूचा तो श्लोक, ‘अभिवादनशीलस्य’, वडीलधाऱ्यांना नमस्कार करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश, बळ वाढतं असं सांगणारा, म्हटला तर निरुपद्रवी. पण शाळा ही अशी जागा आहे की तिथे म्हणणाऱ्यापुढे म्हणवून घेणारा छडी घेऊन उभा असतो. आता छडी नसते, प्रगतिपुस्तक असतं. परिपाठाच्या रांगेत उभं राहून जे म्हटलं जातं त्यावर पोराला ‘हे मला पटत नाही’ म्हणायची सोय नसते. म्हणून स्वधर्माचे श्लोक परिपाठात नकोत, संस्कृतच्या तासाला हवेत. तिथे द्रोणाचं आणि कर्णाचं काय हे विचारता येतं. परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका आहेच, २६ जानेवारी २०२० पासून राज्यात शाळाशाळांत ती वाचतात. तिच्यात ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, आणि घटनेत १९७६ साली आलेली मूलभूत कर्तव्यं सगळ्यांना एकसारखी आहेत. कुणाच्या पोरानं कुठलं कर्तव्य करायचं याची यादी तिथे नाही.

अर्थात प्रास्ताविका वाचून झाल्यावर वर्ग झाडायला मुली आणि बाकं उचलायला मुलं, हे आजही पुष्कळ शाळांत चालतं. पहिल्या दिवशी नवीन पोराला बाई विचारतात, ‘आडनाव काय?’ आणि मग शेजारी कुणाला बसवायचं ते ठरतं. हस्तामलकाचा श्लोक शिकवायचाच तर तो शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवावा असं माझं मत आहे, आणि त्याच्यासोबत एक साधी शिस्त लावावी: मुलाला नाव विचारायचं, पुढे काही नाही.

परवा सांगलीकडच्या एका पालिकेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याचा फोन आला होता. सफाई विभागासाठी एक दिवसाचं शिबिर आहे, ‘स्वकर्मातून सिद्धी’ असा विषय आहे, अर्धा तास ध्यान आणि तासभर तुम्ही बोला, मानधन देऊ. मी म्हटलं, येते, पण शिबिर आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांचं आणि ठेकेदारांचं घ्या. स्वधर्मावरच बोलेन. गमबूट किती जणांना मिळाले, हातमोजे दर महिन्याला येतात का, मैला उपसायचं यंत्र बंद का पडून आहे, ठेक्यावरच्या बायकांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, बाळंतपणाच्या रजेचं काय, हा ज्यांचा ज्यांचा धर्म आहे त्यांना समोर बसवा, अर्धा तास डोळेही मिटायला लावते. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, विषय वर कळवतो.’